कांदूव

रात्री दोन वाजता रामबागेत
आम्ही तिघं रस्त्याला कान लावून.
निगमनं त्या आठवड्यात खास रात्रीची लाइन भरली होती.
एरवी नर्मदा आमच्याकडे दिवसाआड येते,
पहाटे पाऊण तास,
जलूदहून अख्खा घाट चढून, धापा टाकत,
आणि आल्या आल्या विचारते, बादल्या कुठायत?

निरोशा एकनायके, कँडीच्या पाणीखात्यातली,
दोन शहरांच्या करारातल्या सातव्या कलमातून आलेली.
तिच्याकडे पोलादी सळई, टोकाला बशीएवढी चकती.
भेरूलालकडे सागवानी दांडा,
कानाशी लागून लागून काळा पडलेला.
मी सहायक अभियंता, पण त्या आठवड्यात नुसती दुभाषी:
इंग्रजी घ्यायची, हिंदी द्यायची,
घाबरायचं तेवढं मराठीत.

पहिल्याच रात्री ती म्हणाली,
आमच्याकडे गळतीला म्हणतात जल कांदूव.
भेरूलाल म्हणाला, मॅडम, कांदा सकाळी. पोह्यांवर.
हे तिला समजावताना माझी चार वाक्यं खर्ची पडली,
ती उशिरा हसली, मग तो पुन्हा हसला,
आणि त्यानंतर त्या एका शब्दासाठी
त्यांना माझी गरज उरली नाही.
कांदूव? — वाकून.
कांदूव. — मान हलवून.

मला ऐकू यायचं ते फक्त रिंग रोडवरचे ट्रक.
भेरूलालनं दांडा माझ्या कानाशी धरला:
उघडा नळ थांबत थांबत बोलतो, ताई.
फुटलेला पाइप श्वास घेत नाही.
निरोशाला सांगितलं तर म्हणाली, हो,
महावेलीचं पाणीही असंच. एका दमात.

दोघं चुकलेही.
तो म्हणाला इथं, ती म्हणाली दोन पावलं पुढं,
दोन्हीकडे खणलं
आणि निघाली कुणाची तरी वाहती मोरी.
खड्ड्याच्या काठावर दोघं गप्प,
शाळेबाहेर उभी केलेली मुलं जशी.

तिसऱ्या रात्री आवाज आमच्या गल्लीत वळला.
दत्तमंदिर, किबेंचं फाटक, पिठाची गिरणी.
पावलापावलाला निरोशा खडूची खूण करत होती
आणि मला माहीत होतं शेवटची खूण कुठं पडणार,
कारण त्या फरशीवर मी सायकल शिकले होते.

ओट्याखाली अर्ध्या इंचाचा पाइप.
मुख्य लाइनीला परस्पर जोडलेला, सांधा कुजलेला.
बॅटरी घेऊन बाबा बाहेर आले.
तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेले बाबा.
हक्क आधी की कर्तव्यं, हा प्रश्न
त्यांनी दर वर्षी पाच मार्कांना विचारला.
"तेव्हा सगळ्यांनीच घेतली होती," ते म्हणाले,
आणि थोडं थांबून, "तुझ्या बारशाच्या वेळी."

काय म्हणतायत ते? निरोशानं विचारलं.
शब्द सगळे होते माझ्याकडे.
तक्त्यात तर त्याला वेगळा रकानाच होता.
मी म्हटलं, चहा घेणार का विचारतायत.
भेरूलालला मराठी कळतं. तो जमिनीकडे बघत राहिला.
निरोशानं पाइपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
वहीत काहीतरी लिहिलं,
तिच्या त्या गोल गोल अक्षरांत, जी मला वाचता येत नाहीत.
चहा मात्र तिनं खरंच घेतला. दोन कप.
मग भेरूलालनं चावी फिरवली
आणि त्या रात्री पहिल्यांदाच
दांड्यातून काहीच आलं नाही.

अहवालात घर क्रमांक मीच घातला.
इंग्रजीत ते वाक्य सरळ उतरलं,
हिंदीत कर्ता गाळावा लागला.
मराठीत ते अजून घरातच आहे,
जेवणाच्या ताटांमधून इकडून तिकडे सरकतं.

बाबा आता साडेपाचला उठतात.
नळ आधी खोकतो, मग लागतो.
एकेक बादली भरली की हजेरी घ्यावी तसे
मोठ्यानं आकडे म्हणतात,
मी जागी आहे हे माहीत असल्यासारखे.